सोलापूरची पोर, पडद्यावरची शशिकला

बिमल रॉय यांच्या १९५९ सालच्या ‘सुजाता’त एक गाणं आहे. घरातली लेक रमा दिवाणखान्यात पियानोपाशी बसून बालपणाबद्दल गाते. त्याच घरात वाढलेली, पण घराने पोटची न मानलेली सुजाता दुसरीकडे एकटीच तिच्या सुरात सूर मिसळते. गीता दत्त आणि आशा भोसले यांचे दोन आवाज आणि घराच्या दोन टोकांना दोन मुली. पियानोवरच्या मुलीचा चेहरा इतका मोकळा, इतका निर्मळ आहे, की हीच बाई पुढे हिंदी पडद्यावरची सर्वांत धसका घ्यायला लावणारी खलनायिका होणार आहे, हे सांगूनही पटू नये.

ती शशिकला. मूळची जवळकर, गाव सोलापूर.

‘सुजाता’ची कथा बंगाली लेखक सुबोध घोष यांची, दिग्दर्शक बंगाली, घरही बंगाली दाखवलेलं. पण त्या घरातल्या बायका कोण आहेत ते पाहावं. सुजाता म्हणजे नूतन, शोभना समर्थ यांची कन्या. घरची आई म्हणजे सुलोचनादीदी, बेळगाव जिल्ह्यातल्या खडकलाटच्या. सोवळ्याओवळ्याचा धाक घालणारी म्हातारी म्हणजे ललिता पवार, जन्म येवल्याचा. आणि रमा म्हणजे आपली सोलापूरची शशिकला. एका बंगाली घरात चार मराठी बायका! हा योगायोग वाटतो, पण तसा तो नाही. त्यामागे मराठी मुलखातल्या नाटकवेडाची शंभराहून जास्त वर्षं उभी आहेत. सोलापूर-अक्कलकोटचा कानडी सीमेला लागून असलेला पट्टाही त्या वेडात पुरता बुडालेला होता.

शशिकलाचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ चा. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारं शहर. जुनी गिरणी १८७७ पासून सुरू होती, तिच्यामागून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. मे १९३० मध्ये या शहराने मार्शल लॉ पाहिला. त्यातूनच पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. शशिकला जन्मली तेव्हा या घटनेला दोन वर्षंही झाली नव्हती. आज सोलापुरात ज्या नाट्यगृहात नाटकं होतात त्याचं नाव हुतात्मा स्मृती मंदिर आहे, ते याच चौघांमुळे.

सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचं अक्कलकोट तेव्हा ब्रिटिश मुलखात नव्हतं. ते भोसल्यांचं वेगळं संस्थान होतं आणि १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत तसंच राहिलं. स्वामी समर्थांच्या समाधीला येणारी माणसं तेव्हाही मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी बोलत येत. इथल्या पेठेत आजही एका वाक्यात दोन भाषा सहज येतात. तालुक्याच्या दक्षिणेला विजापूर, पूर्वेला गुलबर्गा. म्हणजे मराठी संगीत नाटक आणि कानडी कंपनी नाटक या दोन परंपरा जिथे एकमेकींच्या अंगणात उतरत, तो हा मुलूख. नाटक कंपन्या मिरज, सांगली, हुबळी, गदग, विजापूर, सोलापूर असा फेरा करीत. त्या कंपन्यांचा प्रेक्षक भाषेवरून वाटला गेलेला नव्हता. चाल आवडली की माणूस बसून राही.

पण या नाटकांत बाई मात्र सहसा नसे.

हा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर स्त्री-भूमिका बहुतेक पुरुषच करीत आले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ उभं राहिलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. त्या नाटकात शकुंतला झाले होते शंकरराव मुजुमदार. गंमत अशी, की त्याच १८८० साली पार उत्तर युरोपातल्या फिनलंडमध्ये, हेलसिंकीला, इब्सेनच्या ‘बाहुलीघरा’तली नोरा फिनिश भाषेत रंगमंचावर आली आणि ती साकारली इडा आल्बर्ग या बावीस वर्षांच्या मुलीने. इडा ही रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या एका माणसाची लेक. पुढे ती त्या देशाचा मानबिंदू ठरली. फिनिश भाषा तेव्हा स्वतःच्या हक्कांसाठी झगडत होती आणि तिला स्वतःचा आवाज एका अभिनेत्रीच्या गळ्यातून सापडला. आपल्याकडे मराठीला आवाज मिळाला तो स्त्री-भूमिका करणाऱ्या भाऊराव कोल्हटकरांच्या आणि नंतर बालगंधर्वांच्या गळ्यातून. बालगंधर्व थोरच. पण त्यांच्या थोरवीच्या काळात गाऊ शकणाऱ्या, बोलू शकणाऱ्या कितीतरी मुली घरात बसून राहिल्या, हेही तितकंच खरं.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला साडी नेसवावी लागली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या मायलेकी पडद्यावर आल्या. दोघी फिरत्या नाटक मंडळीतल्या. हीच कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखले यांच्या आई आणि विक्रम गोखले यांच्या आजी. सिनेमातली पहिली बाई नाटकातूनच आली, हे लक्षात ठेवायला हवं.

आणि मग आलं १९३२. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत प्रभातचा पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ झळकला. त्यात तारामती होत्या दुर्गा खोटे, मुंबईच्या लाड घराण्यातल्या, कॉलेजात शिकलेल्या. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९३३ रोजी, नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्री-भूमिका केल्या. शशिकला जन्मली त्या सुमाराच्या दोन वर्षांत मराठी नाटक-सिनेमाचा दरवाजा बायकांसाठी अशा प्रकारे किलकिला झाला. आधी जन्मली असती तर तिची वाट निराळी झाली असती.

सीमेवरच्या मुलींनी तर हा दरवाजा दोन्ही हातांनी ढकलला. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या अमीरबाई आणि गोहरबाई या बहिणी पाहाव्यात. अमीरबाई कर्नाटकींचा आवाज १९४३ च्या ‘किस्मत’मुळे देशभर गेला. गोहरबाई तर थेट बालगंधर्वांच्या मंडळीत शिरल्या आणि ज्या भूमिकांत गंधर्वांना महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं होतं, त्या भूमिका करू लागल्या. पुरुषाने घडवलेली ‘स्त्री’ एका खऱ्या स्त्रीकडे आली, आणि तीही कानडी मुलखातल्या मुसलमान घरातली. मराठी प्रेक्षकांतल्या पुष्कळांना ते रुचलं नाही. हुबळीजवळच्या अदरगुंचीची राजम्मा प्रभातमध्ये शांता हुबळीकर झाली आणि १९३९ च्या ‘माणूस’मधली मैना तिने अजरामर केली. मातृभाषा कानडी, आणि मराठी माणसाच्या तोंडी अजूनही तिचं गाणं आहे.

शशिकलाचं बालपण याच हवेत गेलं. घर मराठी, भावसार शिंपी समाजातलं, सहा मुलांचं. वडील व्यापारी, घरात सुबत्ता. मुलगी पाच वर्षांची असल्यापासून नाचायची, गायची, नाटकात कामं करायची. सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतून तिचे असे कार्यक्रम झाले. लहान मुलींचं गाणं-नाचणं तेव्हा लोकांना खपे, कारण त्याला मेळ्याचं कोंदण होतं. गणेशोत्सवातले मेळे म्हणजे त्या काळातल्या मराठी मुलांची नाट्यशाळाच. तिथे पद होतं, संवाद होता, हातवारे होते आणि समोर हजारभर माणसं होती. शशिकलाच्याच वयाच्या सुलोचना चव्हाण, पुढच्या लावणीसम्राज्ञी, मुंबईत घरच्या श्रीकृष्ण बाळमेळ्यातूनच वर आल्या.

गावातला तो रंगमंच कसा असे, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. देवळासमोर किंवा चावडीपुढे चार पिंपांवर टाकलेल्या फळ्या. मागे घोंगडी नाहीतर रंगवलेला पडदा. दोन बाजूंना सूं सूं करणाऱ्या गॅसबत्त्या आणि त्यांच्याभोवती पाखरं. पेटी, तबला, एखादा ढोलकीवाला. ध्वनिक्षेपक नाही, म्हणून आवाज थेट शेवटच्या माणसापर्यंत पोचवावा लागे. चेहराही तसाच लांबवर पोचवावा लागे, म्हणून भुवई जरा जास्त उचलायची, मान जरा जास्त वेळावायची, डोळे भरपूर फिरवायचे. शशिकलाचा पुढचा सगळा अभिनय डोळ्यांसमोर आणला, ती नजर, तो मानेचा झटका, ओठांच्या कोपऱ्यातलं ते हसू, की त्याच्या मुळाशी ही फळ्यांवरची शाळा दिसते. कॅमेरा हाताच्या अंतरावर आला तरी तिने ती शाळा टाकली नाही. बारीक मात्र केली.

मग घर बसलं. शशिकलाबाई मुलाखतींतून ही हकीकत सांगत असत. वडिलांनी धाकट्या भावाच्या विलायतेतल्या शिक्षणासाठी पैसा ओतला. भाऊ शिकला, चांगल्या नोकरीला लागला आणि घराला विसरला. वडिलांचं दिवाळं निघालं. आता पोरगीच काहीतरी करेल, तिला नाचता-गाता येतं, सिनेमात काम मिळेल, या आशेवर कुटुंब मुंबईला आलं. ओळखीच्यांकडे आसरा घेतला. अकरा-बारा वर्षांची पोर एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत हिंडू लागली.

एका मोडलेल्या घराचा भार लहान मुलीच्या अंगावर, ही त्या पिढीतल्या कितीतरी नट्यांची सुरुवात आहे. हंसा वाडकर १९३६ च्या ‘विजयाची लग्ने’त आल्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या, आणि त्यांच्याही कमाईवर घर चालत होतं. त्यांनी ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात ते सगळं बिनदिक्कत मांडलं आणि त्यावर श्याम बेनेगलांनी १९७७ साली ‘भूमिका’ केला. शशिकलाबाईंवर तसा चित्रपट झाला नाही. पण दोघींच्या गोष्टीतलं पहिलं प्रकरण एकच आहे. हौसेने शिकलेल्या कलेला भाकरीच्या कामाला जुंपावं लागलं.

मुंबईत तिला आधार मिळाला तो नूरजहाँचा. तेव्हाची ती सर्वांत मोठी गायिका-नटी. तिचे पती शौकत हुसेन रिझवी ‘झीनत’ काढत होते. १९४५ साली आलेल्या या चित्रपटात बायकांनी गायलेली एक कव्वाली आहे. हिंदी सिनेमात फक्त स्त्रियांच्या आवाजातली ही पहिली कव्वाली मानली जाते. आवाज नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांचे. पडद्यावर बसलेल्या मुलींत एक श्यामा, पुढे ‘आरपार’ गाजवणारी, आणि एक शशिकला. या कामाचे पंचवीस रुपये मिळाल्याचं त्या सांगत. ते पंचवीस रुपये त्या काळात त्या घराला काय वाटले असतील, याचा अंदाज ज्यांच्या घरी कधी चूल थंडावली आहे त्यांनाच येईल.

कव्वाली गावच्या फळ्यांवरून आलेल्या पोरीला परकी नव्हती. सोलापूर-गुलबर्गा पट्ट्यात उरूस असोत नाहीतर जत्रा, कव्वाली कानावर पडतेच. टाळी कुठे पडते, मान कुठे डुलते, हे इथे मुलं ऐकूनच शिकतात. अडचण होती ती उर्दू संवादांची. मराठी मुलखातून गेलेल्या प्रत्येक मुलीला त्या काळात ‘ज’ आणि ‘ख’चा नुक्ता घोटून घ्यावा लागे. शशिकलाने तो इतका घोटला, की पुढे तिच्या तोंडून हिंदी ऐकताना सोलापूरचा सूर कुणाला सापडू नये.

१९४७ मध्ये रिझवींच्याच ‘जुगनू’त, दिलीपकुमार आणि नूरजहाँ यांच्या चित्रपटात, तिला काम मिळालं. त्याच वर्षी फाळणी झाली. नूरजहाँ आणि रिझवी पाकिस्तानात निघून गेले. डोक्यावरचं छत्र गेलं, पण तोवर स्टुडिओतल्या माणसांना तिचं नाव माहीत झालं होतं.

पुढची सात-आठ वर्षं लहान-मोठ्या कामांची. व्ही. शांतारामांनी १९५३ साली तिला ‘तीन बत्ती चार रास्ता’त आणि ‘सुरंग’मध्ये घेतलं. पहिला चित्रपट वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या सुनांच्या एका घराचा, राज्यं अजून भाषावार व्हायची होती त्या काळातला. त्याच वर्षीच्या ‘जीवन ज्योती’त शम्मी कपूर पहिल्यांदा पडद्यावर आला. त्यातही शशिकला आहे. नायिकेची जागा मात्र तिच्या हाताला लागून निसटत राहिली. मधुबाला, नर्गिस, मीनाकुमारी, नूतन यांच्या दिवसांत ती जागा रिकामी नव्हती.

याच काळात तिचं लग्न झालं ओमप्रकाश सैगल यांच्याशी, कुंदनलाल सैगल यांच्या नात्यातल्या माणसाशी. दोन मुली झाल्या. नवरा-बायकोने मिळून किशोरकुमारला घेऊन ‘करोडपती’ काढायला घेतला. शंकर-जयकिशनचं संगीत, मोहन सैगल यांचं दिग्दर्शन. चित्रपट वर्षानुवर्षं रखडला, १९६१ साली कसाबसा आला आणि आपटला. वडिलांचं दिवाळं पाहिलेल्या मुलीला दुसऱ्यांदा कर्जाचं तोंड पाहावं लागलं. फरक इतकाच, की या वेळी घर सावरायला तिच्या हातात पंधराहून अधिक वर्षांची शिदोरी होती.

त्याच्या पुढच्याच वर्षी आला ‘आरती’.

ताराचंद बडजात्या यांच्या राजश्री प्रॉडक्शन्सचा हा पहिला चित्रपट, दिग्दर्शक फणी मजुमदार. कथा प्रफुल्ल देसाई यांच्या ‘संस्कार लक्ष्मी’ या गुजराती नाटकाची. मीनाकुमारी, अशोककुमार, प्रदीपकुमार अशी भारदस्त मंडळी. कोल्हापूरचे रमेश देव याच चित्रपटातून हिंदीत आले. शशिकलाला भूमिका मिळाली जसवंतीची. घरात फूट पाडणारी, चहाडी करणारी, गोड बोलून काटा काढणारी जाऊबाई.

जाऊबाई! मराठी घरात वाढलेल्या बाईला ही भूमिका शिकवावी लागत नाही. कीर्तनातल्या दृष्टान्तात, जात्यावरच्या ओव्यांत, वगात, सगळीकडे सासू-जावेचा छळ आहे. शशिकलाने त्या जुन्या सोंगाला नवं शहाणपण दिलं. तिची जसवंती आरडाओरडा करत नाही. ती चहाचा कप पुढे करताना एक वाक्य टाकते आणि घर पेटतं. समोर मीनाकुमारीसारखी दुःखाची राणी असताना प्रेक्षकाचे डोळे खलनायिकेवर खिळावेत, ही सोपी गोष्ट नव्हे. फिल्मफेअरच्या दहाव्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या तिन्ही नामांकनांत मीनाकुमारीच होती, त्यांतलं एक ‘आरती’साठी. सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार शशिकलाने नेला.

पुढच्या वर्षी तो पुन्हा तिनेच नेला, बी. आर. चोप्रांच्या ‘गुमराह’साठी. या चित्रपटातली तिची लीला हे शशिकलाच्या कारकिर्दीतलं सर्वांत कसबी काम आहे. माला सिन्हाने केलेली मीना ही विवाहित बाई जुन्या प्रियकराला चोरून भेटते. लीला तिला गाठते, मी त्याची बायको आहे असं सांगते, धमकावते, पैसे मागते, घरापर्यंत येते. शेवटी कळतं, की लीला ही मीनाच्या नवऱ्याचीच सेक्रेटरी, त्याच्या सांगण्यावरून हे सोंग करणारी. म्हणजे शशिकलाला एक अशी बाई करायची होती, जी स्वतःच दुसरी एक बाई करते आहे. नाटकात नाटक. आणि ते सोंग एकदाही उघडं पडता कामा नये, तरी शेवटी मागे वळून पाहिल्यावर खरं वाटायला हवं. चित्रपट दुसऱ्यांदा पाहणाऱ्याने फक्त तिच्यावर नजर ठेवावी. ती धमकी देते त्या प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्यावर एक हिशेब दिसतो, आणि तो ब्लॅकमेल करणारीचा आहे तसाच नोकरी करणारीचाही आहे.

या दोन चित्रपटांनी तिचं नाव झालं आणि तिची वाटही अडवली. निर्माते दुष्ट बाई हवी की तिच्याकडे येऊ लागले. ‘आयी मिलन की बेला’, ‘हिमालय की गोद में’, ‘फूल और पत्थर’, ‘नीलकमल’, एकामागून एक. त्या काळचा प्रेक्षक भूमिका आणि बाई यांत फार अंतर ठेवत नसे. तंबूच्या सिनेमात खलनायिका दिसली की बायका बोटं मोडत. ललिता पवारांनी हेच सोसलं होतं. १९४२ साली एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेमुळे त्यांच्या चेहऱ्याला लकवा झाला, डोळा अधू झाला, आणि त्याच डोळ्याने मग चाळीस वर्षं खाष्ट सासू जगवली. हिंदी सिनेमाची सासू येवल्याची आणि जाऊ सोलापूरची, हे एकदा ध्यानात आलं की मराठी रंगभूमीने हिंदी पडद्याला काय काय पुरवलं ते उमगतं. नायिका पुष्कळ प्रांतांतून आल्या. घरातलं भांडण मात्र मराठी बायकांनी उभं केलं.

तरीही शशिकलाला खलनायिका म्हणून बंद करून टाकणं हा अन्याय आहे. तिचा खरा पल्ला पाहायचा तर हृषीकेश मुखर्जींचा १९६६ सालचा ‘अनुपमा’ पाहावा. शर्मिला टागोरची उमा तोंडातून शब्द काढायला घाबरते. तिच्याभोवती वाऱ्यासारखी फिरणारी, हसणारी, बडबडणारी अ‍ॅनी म्हणजे शशिकला. मनात काडीचंही किल्मिष नसलेली मैत्रीण. धर्मेंद्र, शर्मिला, हेमंतकुमारचं संगीत, सगळं हळुवार आणि दबक्या सुरातलं, आणि त्यात ही एकटी खळखळते. ती नसती तर तो चित्रपट गुदमरला असता. ‘सुजाता’तली रमा आणि ‘अनुपमा’तली अ‍ॅनी या दोघी जिने केल्या, तिला फक्त जसवंतीवरून ओळखणं बरोबर नाही.

१९७० नंतर त्यांचा संसार मोडला. त्या देश सोडून गेल्या, परत आल्या, पुष्कळ भोगलं. या काळाबद्दल त्या स्वतः मोकळेपणाने बोलत. त्यातूनच त्या मदर तेरेसांच्या संस्थेकडे वळल्या आणि आजारी, बेवारस माणसांची सेवा करत राहिल्या. पडद्यावर जिला पाहून बायका बोटं मोडत, तिने अनोळखी माणसांच्या जखमा धुतल्या. पुढे पोटापाण्यासाठी आणि आवडीसाठी पुन्हा कॅमेऱ्यासमोर आल्या. १९८० च्या ‘खूबसूरत’मध्ये त्या घरातली थोरली सून आहेत. दूरदर्शन संच घरोघरी आले तेव्हा नव्या पिढीने त्यांना मालिकांत पाहिलं. २००० नंतरच्या ‘सोन परी’तली आजी म्हणून त्यांना ओळखणारी मुलं आज तिशीत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना ‘गुमराह’ ठाऊकही नाही. २००७ साली पद्मश्री मिळाली. चित्रपटांची संख्या शंभराच्या पुढे गेली होती. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अठ्ठ्याऐंशी. करोनाचे दिवस होते.

सोलापूर जिल्ह्याची ही ओळ शशिकलापाशी संपत नाही. गायिका-अभिनेत्री फैय्याज याही सोलापूरच्याच. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं, तेव्हा वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांसमोर झरीना म्हणून त्या उभ्या राहिल्या. २०१५ मध्ये बेळगावला भरलेल्या पंचाण्णवाव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. मुसलमान घरातली सोलापूरची मुलगी आणि सीमेवरचं बेळगाव, मराठी रंगभूमीचा मानाचा मुजरा. गोहरबाईंना जे मोकळेपणाने मिळालं नाही, ते फैय्याज यांना मिळालं, याचं समाधान वाटतं. पुढे अकलूजची रिंकू राजगुरू आली, करमाळ्याच्या नागराज मंजुळेंच्या २०१६ सालच्या ‘सैराट’मधून. शाळकरी वय, नाटकाचा अनुभव नाही, मेळा नाही. पण बुलेटवर बसून ती ज्या ठसक्यात बोलते, तो ठसका या जिल्ह्याच्या मातीतला आहे. शशिकलाला मुंबईत जाऊन आपली बोली पुसावी लागली होती. रिंकू तीच बोली घेऊन राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत विशेष उल्लेख मिळवून आली. सत्तरेक वर्षांत काय बदललं याचा याहून चांगला पुरावा नाही.

हरवलं आहे ते मधलं पान. पाच-सहा वर्षांची एक पोर सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावी फळ्यांवर नाचली, गायली, बोलली. ती पाहणारी माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत, आणि दर वर्षी त्यांच्यातली काही कमी होतात. मेळ्यांच्या वह्या, पदांची चोपडी, नाटकांची हँडबिलं, जत्रेत काढलेले फोटो अजून काही घरांत पत्र्याच्या पेटीत असतील. अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी, वागदरी, मंगळवेढा, बार्शी, कुठेही. दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी उघडली तर कागद रद्दीत घालू नका. मागे गाव आणि साल लिहा, आजोबा-आजीला विचारून फोटोतल्या माणसांची नावं लिहा, आणि गावच्या वाचनालयात नेऊन द्या.